पेट्रोल वेगळं

सकाळी पावणेसातला नळ स्टॉपला गाडी लावली.
बाई एकट्याच. वत्सला मुळ्ये, इंदूर, वय त्र्याहत्तर.
फक्त माझ्यासाठी, दिवसभर, घाई नको, असं फोनवर ठरलेलं.
दर सांगितला : साडेचार हजार, पेट्रोल वेगळं.
‘चालेल न,’ म्हणाल्या,
‘पण पाठ केलेलं सांगू नका.’

माझं सगळंच पाठ आहे.
नांदेड फाट्यापासून धरणाची भिंत,
डोणज्यापासून गडाची जुनी नावं,
वाहनतळ ते पुणे दरवाजा तीन विनोद,
त्यातला तिसरा बायका नसतील तरच.
आणि कड्यापाशी आलो की
अकरा वर्षं एकाच जागी मी आवाज खाली आणतो.
वारा असला तर लोक डोळेही पुसतात.
मग कुणीतरी विचारतंच, घोरपड खरी होती का हो?

बाईंनी घोरपड विचारली नाही.
देवटाक्यापाशी उभ्या राहिल्या,
पदर सावरत पाण्यात बघत.
‘इथून पाणी कोण भरायचं?’
मी सुरू केलं : गडावर वस्ती होती, शिबंदी होती,
घोड्यांच्या पागा, दारूकोठार…
‘ते राहू द्या. भरायचं कोण?’

‘ठाऊक नाही,’ म्हणालो.
गडावर हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो.

नंतर छपराखाली दही घेतलं.
रिकामं मडकं त्या हातात फिरवत राहिल्या.
‘हे वर येतं कसं?’
‘आता जीपनं.’
‘आणि आधी?’

आधी आतकरवाडीच्या वाटेनं.
पाटीत चौदा मडकी, खाली जुन्या लुगड्याची चुंबळ,
रविवारी पहाटे चारला, माझी आई.
पुढे मी, हातात बॅटरी, सेल बहुतेक मेलेले.
तिच्या गडाला दरवाजा नव्हता, बुरूज नव्हता.
करवंदीची जाळी होती, मग घसरण,
मग बोडका दगड, बरोबर तिच्या खांद्याइतका.
तिथे पाटी टेकायची. उभ्यानंच.
बसायचं नाही, बसलं की उठवत नाही म्हणायची.
एकदा माझ्यामुळे तिचा पाय गेला,
पाच मडकी फुटली.
मी मार खायला तयार होऊन उभा.
तिनं दगडावरून ओघळणारं दही बोटानं चाटलं,
म्हणाली, ‘लागलंय चांगलं.’

हे सांगताना आवाज कुठे खाली आणायचा
ते मला कळेना.

‘त्या वाटेनं उतरू,’ बाई म्हणाल्या.
‘गुडघे?’
‘माझे आहेत, मी बघेन.’

गाडी वरच राहिली.
तासाभराच्या वाटेला आम्हाला पावणेतीन तास लागले.
दगड सापडला, पण खुजा वाटला,
जेमतेम माझ्या छातीला.
तेव्हा मला त्याच्यामागचं आभाळ दिसायचं नाही.
बाईंनी पर्स त्यावर टेकवली
आणि उभ्या राहिल्या, बराच वेळ. फोटो नाही काढला.
खाली डोणज्यात रिसॉर्टांची निळी डबकी,
पलीकडे धरणाचं खरं पाणी, मातकट.

‘आई आहेत?’
‘आहे. धायरीत. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.’
‘म्हणजे चढणं सुटलं नाहीच,’ म्हणाल्या,
आणि पर्स उचलली.

त्यांना आतकरवाडीत चहाच्या टपरीवर बसवून
मी जीपनं वर जाऊन गाडी आणली.
रात्री नळ स्टॉपला त्यांनी नोटा मोजल्या,
पेट्रोलचे विचारून वेगळे दिले.
‘आणि त्या जीपचे?’
‘ते दरात बसत नाही.’
त्यांनी वाद घातला नाही.

पुढच्या रविवारी बँकेचे चाळीस जण.
विनोद झाले, तिसरा सोडून.
कड्यापाशी आवाज आपोआप खाली गेला,
दोघांनी डोळे पुसले.
देवटाक्यापाशी मी थांबलो.
कुणी काही विचारत नव्हतं, तरी म्हणालो,
‘इथून पाणी कोण भरायचं, मला ठाऊक नाही.’

मागून एक जण म्हणाला,
‘मग पुढे चला की.’